टिंबरबॉर्न: दुष्काळात लाकूड पिकवताना

गेले कित्येक महिने टिंबरबॉर्न हा व्हिडिओ गेम खेळतोय. या खेळात लाकडाचा प्रश्न शेवटी पाण्यापाशीच येऊन थांबतो, हे माझं आता पक्कं मत झालंय. मी विट्याचा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी येण्याआधीचा आणि नंतरचा शिवार दोन्ही बघितलेत, म्हणूनही असेल, पण हा खेळ मला फार जवळचा वाटतो.

मेकॅनिस्ट्री या पोलंडच्या स्टुडिओचा हा खेळ सप्टेंबर २०२१ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला. माणसं संपलीत, उरलेत बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून नदीवर बांध घालणारे प्राणी. ते नदी अडवतात, वस्ती उभी करतात. ओल्या हंगामामागून दुष्काळ येतो, आणि पुढं पुढं तो लांबत जातो.

घर, पंप, बंधारा, सगळ्याला ओंडके लागतात. नकाशावरचं आयतं रान बघता बघता संपतं. म्हणून संशोधनाचे पॉइंट साठले की आधी फॉरेस्टरची इमारत उघडा. झाडं लावायचं काम तीच करते.

आता कुठलं झाड लावायचं? बर्च एकच ओंडका देतो, त्याचा नाद नको. पाइन १२ दिवसांत तयार होतो, ओंडके २. ओकला ३० दिवस लागतात, पण ओंडके ८. म्हणजे एकाच चौकोनात ६० दिवसांत पाइनचे १० ओंडके निघतात, ओकचे १६. शिवाय पाइनची पाच वेळा लावण आणि पाच वेळा तोड, ओकची दोनदाच. हात कमी असतील तेव्हा हा फरक फार जाणवतो.

मग सगळेच ओक का लावत नाहीत? कारण ओक एका ओल्या हंगामात सहसा पुरा होत नाही. त्याला मधला एखादा दुष्काळ काढावाच लागतो. जमिनीची ओल गेली की झाड वाळतं. पूर्ण वाढलेलं झाड वाळलं तरी तोडून लाकूड मिळतं, कोवळं रोप मात्र फुकट जातं. त्यामुळं बंधाऱ्यामागं दुष्काळभर पाणी टिकेल अशी खात्री होईपर्यंत पाइनच बरा. ती खात्री झाली की पाण्यालगतची पट्टी ओकला द्या. ओल चढावर लवकर संपते, तेव्हा उंचावरची जागा नकाशावर कितीही मोकळी दिसली तरी तिथं लागवड नको. आमच्याकडं टेंभूचं पाणीसुद्धा उपसूनच वर चढवावं लागतं.

नवीन खेळणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही. दुष्काळात नदीची धार थांबते, तशी पाणचक्कीही थांबते. ओंडके पडून राहतात, फळ्या निघत नाहीत. बीव्हर पळवून फिरवायचं चाक करवतीच्या गिरणीला आधीच जोडून ठेवा. थोडे पाइन राळेसाठीही राखा. पक्क्या केलेल्या फळ्यांना पुढं ती लागतेच.

एक गोष्ट खेळात असायला हवी होती. आपल्याकडं सुबाभूळ बुंध्यापासून तोडली तरी पुन्हा फुटते. इथं तोडलेल्या जागी नवं रोपच लावावं लागतं. खोडाला फुटवा आला असता तर लागवडीचं गणित आणखी रंगलं असतं.

घाई आवडणाऱ्यांना हा खेळ संथ वाटेल. धीर असेल तर जरूर घ्या. खेळात बीव्हरांचे दोन गट आहेत, फोकटेल्स आणि आयर्न टीथ; फोकटेल्सपासून सुरुवात करा. त्यांच्याकडं मेपल आणि चेस्टनटही आहेत. माझा पुढचा डाव आयर्न टीथचा आहे. त्यांचं मँग्रोव्ह उथळ पाण्यातच वाढतं, तेव्हा तलावाच्या काठचा पाणथळ भाग मी त्यालाच देणार आहे.