"लिंक पाहिली" म्हणणारा तज्ज्ञ

मी स्वतः वर्डप्रेसवर वेबसाइट बनवते. अगदीच अडाणी नाही, तरी फसले, म्हणून लिहितेय.

चालू साइटची एक कॉपी मी लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (साइट आपल्याच मशीनवर चालवायचं सॉफ्टवेअर) उतरवून घेतली होती. डेटाबेसची एसक्यूएल फाइल नोटपॅडमध्ये उघडली, साइटचा पत्ता होता तिथे तिथे लोकलहोस्टचा टाकला आणि फाइल इंपोर्ट केली. साइट उघडली, लॉगिनही झालं. फक्त स्लायडरच्या, म्हणजे सरकत्या फोटोंच्या, जागी पांढरी पट्टी! स्लायडरचं प्लगइन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) अ‍ॅक्टिव्ह, त्याला पानावर बोलावणारा शॉर्टकोड जागेवर, एरर एकही नाही. कॅश रिकामी केली, थीम बदलली, बाकीची प्लगइन्स एकेक करून बंद केली. पट्टी ढिम्म.

ओळखीतून ओळख निघत एका 'तज्ज्ञा'चा नंबर मिळाला. "लिंक पाठवा मॅडम, बघून सांगतो." मी अ‍ॅड्रेस बारमधली लिंक उचलून पाठवली. दहा-अकरा मिनिटांत उत्तर: "पाहिलं. तुमचं प्लगइन करप्ट आहे. फ्री व्हर्जनमध्ये हे होतंच."

आता वाचताना तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या तेव्हा आलं नाही. मी पाठवलेली लिंक लोकलहोस्टची होती. लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, ज्याचं त्याचं मशीन. त्याने ती उघडली असती तर त्याला त्याचाच कॉम्प्युटर दिसला असता. माझी साइट त्याने पाहणं शक्यच नव्हतं. पण दोन दिवस डोकं फोडून झाल्यावर कोणी ठामपणे काही सांगितलं की बरंच वाटतं.

पैसे आधी घेतले. मग स्क्रीन ताब्यात घेऊन त्याने आपल्याकडची एक झिप टाकली, "ओरिजिनल प्रो व्हर्जन, लाइफटाइम लायसन्स", आणि स्लायडर नव्याने बनवला. दिसला! मी हरखले. त्याच उत्साहात तीच झिप चालू साइटवरही टाकली. हो, मीच. त्याला पासवर्ड मागायचीही गरज पडली नाही.

काही आठवड्यांनी क्लायंटचा फोन: मोबाइलवर गूगलमधून साइट उघडली की सट्ट्याचं पान येतं. मला काही दिसेना, कारण मी कायम अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असायचे आणि तिकडे वळवणारा कोड लॉगिन केलेल्यांना वगळत होता. शेवटी प्लगइनच्या फोल्डरमध्ये एक पीएचपी (वर्डप्रेसची प्रोग्रॅमिंग भाषा) फाइल सापडली. आत ईव्हॅल (मिळालेला मजकूर कोड म्हणून चालवणारी आज्ञा), त्याच्या पोटात बेस६४ डिकोड (सांकेतिक मजकूर उलगडणारी), पुढे पानभर अर्थहीन अक्षरं. डेटाबेस दाखवणाऱ्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये युजर्सचं टेबल उघडलं तर एक अ‍ॅडमिन जास्त. डॅशबोर्डच्या यादीत तो दिसतच नव्हता. त्या गृहस्थांना विचारलं तर म्हणाले, "हॅक झालंय मॅडम, क्लीन करायचे वेगळे पडतील." नंबर ब्लॉक केला. साइट जुन्या बॅकअपवरून उभी केली, सगळे पासवर्ड आणि कॉन्फिग फाइलमधल्या सॉल्ट कीज (लॉगिन सुरक्षित ठेवणारे गुप्त मजकूर) बदलल्या.

मूळ बिघाड काय होता, हे त्यानंतर कळलं आणि जास्त राग आला. अनेक प्लगइन्स आपली सेटिंग्ज सिरियलाइज करून ठेवतात, म्हणजे प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. माझा जुना पत्ता १९ अक्षरांचा, लोकलहोस्टचा २१ अक्षरांचा. नोटपॅडने पत्ता बदलला, आकडा १९ चाच राहिला. हिशेब जुळला नाही की पीएचपी ती अख्खी नोंद नाकारतं, आणि वर्डप्रेस ही चूक मुकाट्याने गिळतं. म्हणून एरर नाही, नुसती पांढरी पट्टी. त्याने स्लायडर नव्याने बनवला तेव्हा नवी नोंद बरोबर लांबीची तयार झाली, एवढंच. जुन्या फ्री प्लगइनमध्ये मीच नवा बनवला असता तरी दिसला असता.

आता पत्ता बदलायला मी डब्ल्यूपी-सीएलआयची (वर्डप्रेससाठीचं कमांड-लाइन साधन) सर्च-रिप्लेस कमांड वापरते, आधी ड्राय-रन (काही न बदलता नुसती चाचणी) लावून. ती लांबीचे आकडे सांभाळून घेते. आणि झिप प्लगइन बनवणाऱ्याच्या साइटवरूनच, नाहीतर नकोच.

आणखी एक खोड लागलीय. कोणी "लिंक पाठवा" म्हटलं की मी आधी मुद्दाम लोकलहोस्टची पाठवते. दोघांनी "पाहिलं" म्हणून कळवलं. तिसरा म्हणाला, "मॅडम, ही तुमच्याच मशीनवर उघडेल. एफ१२ दाबून कन्सोलचा स्क्रीनशॉट पाठवा." काम त्याला दिलं.