फिशटँकमध्ये खरी झाडं: सात महिन्यांनंतर

दोन फुटी टँक, सहा गप्पी आणि प्लॅस्टिकचं एक गुलाबी झाड. घोडबंदर रोडवरच्या आमच्या हॉलमध्ये वर्षभर एवढाच संसार होता. डिसेंबरात ते गुलाबी झाड काढलं आणि खरी तीन आणली: अनुबियास, वॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरीन.

पहिली चूक त्याच दिवशी झाली. झाड म्हणजे खोचायचं, ही कुंडीतली अक्कल मी टँकमध्ये चालवली आणि अनुबियासचं आडवं, जाडसर खोड रेतीत गाडलं. तीन आठवड्यांनी उपसून पाहिलं तर चिमटीत भिजल्या साबुदाण्यासारखं दबलं, आणि वास असा की हात दोनदा धुतले. सडका भाग कापला. तीन पानांचा तुकडा उरला, तो काळ्या शिवणाच्या दोऱ्याने लाकडाला बांधला. आज त्याला अकरा पानं आहेत, मुळांनी लाकूड घट्ट धरलंय. वाढ मात्र गोगलगायीची. महिन्याला एखादं पान, फार तर दोन.

क्रिप्टोकोरीनने वेगळाच घाम फोडला. दुसऱ्या आठवड्यात सगळी पानं पारदर्शक होऊन विरघळली. पैसे बुडाले म्हणून उपटायलाच निघालो होतो. पण जागा आणि पाणी बदललं की हे झाड पानं टाकतं. मुळं शाबूत असली तर पुन्हा फुटतं. शिवाय नर्सरीत बऱ्याचदा पानं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, ती पाण्याखाली टिकत नाहीत. याच्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही उगवतात, तरी माझ्या हॉलमध्ये नखरे सहा आठवडे चालले. मग एक तांबूस टोक वर आलं.

लाइट मी हौसेने बारा तास ठेवायचो. काचेवर हिरवे केस उगवले. सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, मासे पाळलेत की शेवाळ?" टायमर लावून सात तासांवर आणलं, जुन्या टूथब्रशने पानं पुसली, महिनाभरात आटोक्यात आलं.

झाडांबरोबर गोगलगायी फुकट मिळतात, हे दुकानदार सांगत नाही. रात्री काकडीची चकती टाका, सकाळी त्यांच्यासकट उचला. खाणं कमी टाकलं की त्याही कमी होतात.

"झाडं लावली की पाणी बदलायला नको," हेही दुकानातच ऐकलं. खोटं आहे. माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया आणि नायट्रेट झाडं शोषतात, पण सगळं नाही. मी दर रविवारी पाव भाग पाणी बदलतो, क्लोरीन घालवूनच. पूर्वी मात्र सगळा टँक रिकामा करून रेती खळखळून धुवायचो, म्हणजे उपयोगी जिवाणूही नाल्यात. आता रेतीला हातही लावत नाही.

मे महिन्यात एका रात्री वीज गेली. पहाटे गप्पी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत होते. अंधारात झाडंही ऑक्सिजन घेतात, त्यात फिल्टर बंद. बॅटरीवरचा एअर पंप तेव्हा घेतला, झाडांच्या आधीच घ्यायला हवा होता. त्याच दिवसांत सोसायटीत टँकरचं जड पाणी येत होतं. वॅलिसनेरियाला ते मानवलं. पाच रोपांची आता मोजताच येत नाहीत, आणि त्यांच्या आडोशाला गप्पींची पिल्लं वाचतात.

जास्तीची रोपं शेजारच्या काकूंना दिली. त्यांच्याकडे गोल्डफिश. एका रात्रीत सगळी उपटून तरंगत ठेवली. पुढच्या वेळी अनुबियास दगडाला बांधून देणार आहे.