टॉवर ऑफ लंडनचे ज्युवेल हाउस: कोहिनूरपाशी थांबू नये

लंडनला गेलेला आपल्याकडचा प्रवासी टॉवर ऑफ लंडनमध्ये शिरतो तो बहुतेक वेळा कोहिनूरसाठी, आणि तो पाहून झाला की पुढच्या ठिकाणाकडे निघतो. ज्या दालनात तो हिरा आहे, त्या ‘ज्युवेल हाउस’चा विचार मात्र सहसा कोणी करत नाही. किल्ल्याच्या वॉटर्लू बराकीत मांडलेल्या या राजचिन्हांसाठी वेगळे तिकीट लागत नाही, टॉवरच्या तिकिटातच त्यांचा समावेश असतो. मुकुट हा केवळ दागिना नसून राज्यसत्तेचे कायदेशीर आणि धार्मिक साधन कसा असतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे दालन माझ्या पाहण्यात नाही.

दालनातील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे सेंट एडवर्डचा मुकुट. राजा पहिला चार्ल्स याचा 1649 साली शिरच्छेद झाल्यावर पार्लमेंटने जुनी राजचिन्हे मोडून टाकली, सोने टांकसाळीत गेले आणि रत्ने विकली गेली. राजाला मारून भागत नाही, त्याच्या सत्तेची खूणही वितळवावी लागते, असे त्या लोकांना वाटले, यातच मुकुटाचे महत्त्व कळते. राजेशाही परत आल्यावर 1661 मध्ये दुसऱ्या चार्ल्ससाठी नवा मुकुट घडवला गेला, आणि तोच आज आपल्यासमोर असतो. त्याचे वजन 2 किलोंहून अधिक आहे आणि तो प्रत्यक्ष राज्याभिषेकाच्या क्षणीच मस्तकावर ठेवला जातो. 6 मे 2023 रोजी तिसऱ्या चार्ल्सच्या डोक्यावर ठेवला गेला तो हाच. फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, कित्येक पिढ्या या मुकुटातील रत्ने राज्याभिषेकापुरती भाड्याने आणली जात आणि समारंभ उरकला की परत केली जात. ती कायमची बसवली गेली 1911 मध्ये. मोडतोडीतून वाचलेला बाराव्या शतकातील अभिषेकाचा चमचाही येथेच आहे. इतक्या झगमगाटात त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो, पण त्याच्यापाशी अवश्य थांबावे, कारण राजाला पवित्र तेलाचा अभिषेक आजही याच चमच्यातून होतो.

इम्पीरियल स्टेट क्राउन हा रोजच्या राज्यकारभाराच्या अधिक जवळचा मुकुट आहे. सहाव्या जॉर्जसाठी 1937 मध्ये घडवलेल्या या मुकुटात 2,868 हिरे आहेत, आणि पुढच्या बाजूला कलिनन या प्रचंड हिऱ्यापासून पाडलेला दुसऱ्या क्रमांकाचा, 317 कॅरटचा तुकडा बसवलेला आहे. त्याच्या वर जो मोठा लाल खडा दिसतो, त्याला माणिक म्हणण्याची प्रथा असली तरी तो खरे तर स्पिनेल, म्हणजे माणकासारखे दिसणारे वेगळेच रत्न आहे. पार्लमेंटच्या अधिवेशनाचे उद्घाटन करताना राजा हा मुकुट घालतो, आणि त्या दिवशी मुकुट स्वतंत्र गाडीतून सन्मानाने नेला जातो. वृद्धापकाळी दुसऱ्या एलिझाबेथ राणीला त्याचा भार पेलवेनासा झाला, तेव्हा तो तिच्या शेजारी उशीवर ठेवला जाई. म्हणजे राणीच्या डोक्यावर नसतानाही त्याचे सभागृहात असणे आवश्यक मानले गेले. समारंभासाठी एखादी वस्तू बाहेर गेली असेल, तर तिच्या जागी ‘वापरात आहे’ अशी पाटी ठेवतात. तशी पाटी दिसली तर निराश होऊ नये, इतर संग्रहालयांत असे पाहायला मिळत नाही.

कोहिनूर या राणीची आई, राजमाता एलिझाबेथ, हिच्या 1937 च्या मुकुटात आहे. लाहोरच्या तहाने 1849 मध्ये पंजाबचा शीख महाराजा असलेल्या दहा वर्षांच्या दलीपसिंगाकडून तो घेतला गेला आणि 1852 मध्ये पुन्हा पैलू पाडताना आकाराने बराच घटून सुमारे 105 कॅरटचा झाला. 2023 मध्ये नव्याने केलेल्या मांडणीत तो विजयाचे प्रतीक म्हणून दाखवला आहे आणि मोगल, इराणी, अफगाण व शीख राज्यकर्त्यांकडून झालेला त्याचा प्रवास सांगितला आहे. ही भूमिका पूर्वीपेक्षा प्रामाणिक आहे, तिचे स्वागत केले पाहिजे.

तरीही भारतीयाने सर्वाधिक वेळ द्यावा तो दुसऱ्याच मुकुटाला, आणि त्यासाठीच हे परीक्षण लिहावेसे वाटले. पंचम जॉर्जचा दिल्ली दरबार 12 डिसेंबर 1911 रोजी भरला. ब्रिटिश राजचिन्हे देशाबाहेर न नेण्याचा दंडक असल्यामुळे त्या दरबारासाठी गॅरार्ड या जवाहिऱ्यांच्या पेढीकडून नवा मुकुट घडवून घेण्यात आला, त्यात सहा हजारांहून अधिक हिरे जडवले गेले आणि त्याचा 60,000 पौंडांचा खर्च भारताने सोसला. ज्यांच्यावर राज्य करायचे, त्यांच्याच तिजोरीतून राज्य करण्याची खूण विकत घेतली गेली. दिल्लीत राज्याभिषेक झालाच नाही, कारण बहुसंख्य ख्रिस्तेतर प्रजेसमोर ख्रिस्ती धर्मविधी करणे इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू असलेल्या आर्चबिशपला योग्य वाटले नाही. राजा मुकुट घालूनच दरबारात आला. साडेतीन तास तो घालून थकवा आला आणि डोके दुखले, अशी नोंद त्याने रोजनिशीत केली. त्यानंतर हा मुकुट कोणत्याही राजाने अधिकृतपणे घातला नाही. ब्रिटिश राजांच्या मुकुटांना परंपरेने चार अर्धकमानी (कडेपासून माथ्यापर्यंत जाणारे वळणदार पट्टे) असतात, याला आठ आहेत, ही त्याची एक खूण.

मराठी माणसासाठी हा इतिहास परका नाही. याच दौऱ्यात राजा-राणी मुंबईला अपोलो बंदरावर उतरले आणि त्या आगमनाचे स्मारक म्हणून उभारलेला गेटवे ऑफ इंडिया 1924 मध्ये पूर्ण झाला. याच दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी ठरलेले मुजरे पूर्ण न करता एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून ते परतले. ते मुद्दाम होते की अनवधानाने घडले, यावर मतभेद आहेत, पण विलायतेतील वृत्तपत्रांनी गहजब केला आणि महाराजांना व्हाइसरॉयकडे खुलासा पाठवावा लागला. हा मुकुट पाहताना तो प्रसंग माहीत असेल, तर काचेमागची वस्तू केवळ रत्नांचा संग्रह राहत नाही. मुलांना नेणार असाल तर निघण्यापूर्वीच त्यांना ही हकिकत सांगावी.

व्यवस्थेबाबत सांगायचे तर, मुख्य मुकुटांसमोरून सरकत्या पट्ट्यावरून जावे लागते, त्यामुळे एकाच फेरीत बारकावे टिपता येत नाहीत; गर्दी नसेल तर पुन्हा फेरी मारावी. छायाचित्रे काढण्यास मनाई आहे आणि मला ती योग्य वाटते, कारण लोक फोन खाली ठेवून खरोखर पाहतात. टॉवर हिल स्थानकावर उतरून किल्ला उघडताच थेट येथे यावे, व्हाइट टॉवर हा किल्ल्यातील जुना मुख्य बुरूज आणि यिओमन वॉर्डर या किल्ल्याच्या पारंपरिक रक्षकांसोबतची माहितीफेरी नंतर करावी. कुटुंबासह गेल्यास तिकिटाचा खर्च जाणवतो, परंतु दिल्ली दरबाराचा मुकुट नीट पाहणार असाल तर तो खर्च करण्यासारखा आहे.