डोळ्यांदेखत विरघळलेले सोने

नाशिकला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या दोन पाटल्या तिच्याच घरात, तिच्यासमोर, काही मिनिटांत सुमारे सात ग्रॅमने हलक्या झाल्या. दागिने पॉलिश करून देण्याच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा त्यात काहीतरी हातचलाखी किंवा अदलाबदल असणार आणि आपण नीट लक्ष ठेवले तर आपल्याला कोणी फसवू शकणार नाही, असे आपल्याला वाटते. मावशीने क्षणभरही नजर हटवली नव्हती, म्हणूनच ही हकीकत सविस्तर लिहीत आहे.

दुपारी दोनच्या सुमारास, मुलगा-सून कामावर गेलेले असताना, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोन तरुण दारात आले. तांब्या-पितळेची भांडी चमकवणाऱ्या नव्या पावडरीचा प्रचार करतो आहोत, पैसे द्यायचे नाहीत, फक्त वापरून बघा, असे त्यांनी सांगितले. मावशीने जाळीच्या दारातून देवघरातली समई दिली आणि ती त्यांनी खरोखरच लखलखीत करून दिली. मग चांदीचे पैंजण झाले. तेही उजळून परत आले. दोनदा दिलेली वस्तू दोनदा जशीच्या तशी हातात आली, की तिसऱ्यांदा नाही म्हणणे माणसाला अवघड जाते, आणि या टोळ्यांचा सारा डाव या अवघडलेपणावर उभा असतो. ‘आजी, पाटल्या किती काळवंडल्यात, हातातल्या हातात करून देतो’ असे एकाने म्हटले तेव्हा दार उघडले गेले होते.

त्यांनी सोबत आणलेल्या लहान वाडग्यात बाटलीतला द्रव ओतला, त्यात मावशीकडूनच मागून घेतलेली चिमूटभर हळद टाकली आणि पाटल्या बुडवल्या. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक या दोन आम्लांच्या मिश्रणाला अम्लराज म्हणतात, आणि एरवी कोणत्याही साध्या आम्लाला दाद न देणारे सोने त्यात विरघळते. विरघळलेल्या सोन्याने द्रव पिवळा होतो. हळद कशासाठी होती, हे मला सराफाने हा प्रकार समजावून सांगितला तेव्हा उमगले: पिवळेपणाची शंका कोणाला येऊ नये म्हणून. मावशीला नाकात झोंबणारा उग्र वास आला होता, पण तो औषधाचा म्हणून सांगितला गेला. पाटल्या पाण्यातून काढून, ब्रशने घासून, चकचकीत करून तिच्या हातात दिल्या गेल्या आणि वाडग्यातला द्रव ‘सांडला तर फरशी खराब होईल’ असे सांगून त्यांनी बाटलीत भरून नेला. मावशीचे सोने त्या बाटलीत गेले, कारण अशा द्रवातून ते पुन्हा वेगळे काढता येते.

संध्याकाळी सुनेने पाटल्या हातात घेतल्या तेव्हा नक्षीचे कंगोरे बोथट झालेले तिच्या बोटांना जाणवले. पावतीवर चाळीस ग्रॅम लिहिलेल्या जोडीचे वजन सराफाच्या काट्यावर तेहेतीस ग्रॅम भरले.

याच फसवणुकीचा दुसरा प्रकार अधिक उघड आहे. दागिने हळदीच्या पाण्यासह डब्यात किंवा कुकरमध्ये घालून तो गॅसवर ठेवायला सांगतात, पंधरा-वीस मिनिटे उघडू नका म्हणतात, आणि झाकण काढल्यावर आत दागिने नसतात. तिथे नजर चुकवावी लागते. अम्लराजाच्या प्रकारात तेवढीही गरज पडत नाही. त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘लक्ष ठेवा’ असे सांगणे पुरेसे नाही. अंगावरचा दागिना दारातल्या कोणाच्याही हाती द्यायचाच नाही आणि समईसाठीसुद्धा जाळीचे दार उघडायचे नाही, असेच सांगायला हवे. गळ्यातल्या ओळखपत्रावर तर मुळीच विसंबू नये, कारण ते कोणीही छापून घेऊ शकतो. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ नुसार थेट विक्री करणाऱ्याने ओळखपत्राबरोबरच आधी वेळ ठरवून किंवा संमती घेऊनच घरी यायचे असते, त्यामुळे न बोलावता आलेल्याला दारातूनच परत पाठवण्यात कोणताही उद्धटपणा नाही. सोने उजळायचेच असेल तर रिठ्याचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश घरी पुरतो. नाहीतर ओळखीच्या सराफाकडे जावे आणि आधीचे व नंतरचे वजन आपल्यासमोर करून घ्यावे.

असा प्रकार घडलाच तर मागे राहिलेली पावडर, वाडगे किंवा फडके धुऊ नये, ११२ वर लगेच कळवावे आणि दागिन्याची पावती घेऊन पोलीस ठाण्यात जावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवला जातो आणि प्राथमिक माहिती अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. घरच्यांनी मात्र त्या दिवशी ‘दार उघडलेच कशाला’ हा प्रश्न विचारू नये, असे मी कळकळीने सांगते. बोलणी खावी लागतील या भीतीने मावशी सुनेलाही आधी काही सांगत नव्हती, आणि आमची तक्रार नोंदवली जाईपर्यंत समोरच्या दुकानातल्या कॅमेऱ्यावरचे त्या दुपारचे चित्रण पुसले गेले होते.