ब्रॉडवेच्या गल्ल्यांमधली पायी फेरी: एक फळी, एक प्रेमगीत आणि अडीच तास

बाईंच्या हातात भाजी आणायची चाकांची पिशवी होती आणि तिच्यातून लाकडी फळीचं टोक बाहेर आलं होतं. टाइम्स स्क्वेअरच्या गर्दीत मला ओळखायची खूण हीच, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. गेल्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी दहाला मी आणि माझी १७ वर्षांची लेक न्यू जर्सीतल्या एडिसनहून ट्रेनने तिथे पोहोचलो. ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहांच्या भागातल्या, संगीत नाटकांत कृष्णवर्णीय कलावंतांनी जे केलं, ते जागेवर उभं राहून सांगणारी ही पायी फेरी आहे. मी औषधांच्या दुकानात काम करते, तिथल्या मैत्रिणीने नंबर दिला. बाई ही फेरी एकट्या चालवतात, जाहिरात करत नाहीत आणि नाव नेटवर नको म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही. कुणाला जायचं असेल तर मला निरोप टाका.

आधी व्यवहाराचं सांगते. मोठ्यांना ४० डॉलर, शाळकरी मुलांना २५, रोख. दहापेक्षा जास्त माणसं घेत नाहीत, आम्ही नऊ होतो. सांगतात दोन तास, लागतात अडीचच्या वर. मध्ये बसायला कुठे थांबत नाहीत. माइक नाही, त्यामुळे ट्रक गेला की दोन वाक्यं गेलीच. गुडघे दुखणाऱ्यांनी घडीचं स्टूल न्यावं, मी नेलं नव्हतं आणि पश्चात्ताप झाला. इतकं सोडलं तर या शहराजवळ २४ वर्षं राहून मी नाटकावर खर्च केलेल्या पैशांत हे ४० डॉलर सर्वांत सत्कारणी लागले.

मी मूळची सांगलीची. आजोबा नाटक कंपनीत ऑर्गनला होते, घरात पदं गुणगुणली जायची. त्यामुळे गाणाऱ्या नटांविषयी मला आपुलकी आहे. पण इथल्या गाणाऱ्या नटांना रंगमंचावर उभं राहण्यासाठी काय काय गिळावं लागलं, ते मला तुकड्यातुकड्यांनीच माहीत होतं.

पहिला थांबा ब्रॉडवेच्या पूर्वेला, ४४ आणि ४५ नंबरच्या रस्त्यांच्या मध्ये. तिथे आता जाहिरातींचे पडदे लखलखतात. १९०३ साली तिथे न्यूयॉर्क थिएटर होतं. चौकाला टाइम्स स्क्वेअर हे नावही पडलं नव्हतं, ते पुढच्या वर्षी पडलं. १८ फेब्रुवारी १९०३ ला तिथे ‘इन दाहोमी’ सुरू झालं. ब्रॉडवेच्या मोठ्या नाट्यगृहात झालेलं, कृष्णवर्णीयांनी लिहिलेलं आणि त्यांनीच सादर केलेलं पहिलं पूर्ण लांबीचं संगीत नाटक. संगीत विल मॅरियन कुक यांचं, गीतं कवी पॉल लॉरेन्स डनबार यांची, रंगमंचावर बर्ट विल्यम्स, जॉर्ज वॉकर आणि वॉकर यांची पत्नी एडा. नंतर हीच मंडळी लंडनला गेली आणि जून महिन्यात बकिंगहॅम राजवाड्यात खेळ झाला. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्यांच्याच समाजाच्या प्रेक्षकांना वरच्या माळ्यावर बसवलं जायचं.

बर्ट विल्यम्स यांच्यापाशी बाई बराच वेळ थांबल्या. ते मूळचे बहामाजमधल्या नासाऊचे, वर्णाने उजळ. तरी त्यांना जळक्या बुचाची काजळी चेहऱ्याला फासून उभं राहावं लागायचं, कारण गोऱ्या प्रेक्षकांना ‘काळा माणूस’ कसा हवा ते आधीच ठरलेलं होतं. १९१० मध्ये त्यांना निर्माते झिगफेल्ड यांच्या ‘फॉलीज’ या नाच-गाण्यांच्या खेळात घेतलं तेव्हा काही गोऱ्या नटांनी काम सोडायची धमकी दिली. झिगफेल्ड बधले नाहीत. पण काजळी तिथेही होती. बाईंनी पिशवीतून बाटलीचं एक साधं बूच काढलं आणि आमच्या हातांतून फिरवलं. जळलेलं नव्हतं, साधंच. माझ्या लेकीने ते बराच वेळ मुठीत धरून ठेवलं. १९२२ मध्ये विल्यम्स वारले तेव्हा ते ४७ वर्षांचे होते.

शूबर्ट गल्लीशेजारच्या ४४ नंबरच्या रस्त्यावर मॅजेस्टिक आणि सेंट जेम्स ही दोन नाट्यगृहं समोरासमोर आहेत. मॅजेस्टिकमध्ये १९४९ साली ‘साउथ पॅसिफिक’ आलं. त्यातल्या कामासाठी हुआनिटा हॉल यांना १९५० मध्ये टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मानाचा नाट्यपुरस्कार, मिळाला, कृष्णवर्णीय कलावंताला मिळालेला पहिला. भूमिका होती पॅसिफिकमधल्या बेटावरच्या टोंकिनी (उत्तर व्हिएतनामकडच्या) बाईची. “म्हणजे आमच्यातल्या पहिल्या बाईला बक्षीस मिळालं ते दुसऱ्याच देशाची बाई होऊन,” एवढंच बाई म्हणाल्या आणि समोर सेंट जेम्सकडे वळल्या. तिथे १९६७ च्या नोव्हेंबरात ‘हॅलो, डॉली!’ पूर्ण कृष्णवर्णीय संचात झालं, पर्ल बेली आणि कॅब कॅलोवे घेऊन.

मॅजेस्टिकच्याच दारात ‘द विझ’ या पूर्ण कृष्णवर्णीय संचाच्या नाटकाची गोष्ट. ५ जानेवारी १९७५. पहिल्या खेळानंतरच नाटक बंद करायची सूचना लागली होती. मग टीव्हीवर जाहिरात गेली, बसेस भरून माणसं येऊ लागली आणि नाटक १,६७२ प्रयोग चाललं. सात टोनी मिळाले. त्यांतले दोन जेफ्री होल्डर यांचे, एक दिग्दर्शनासाठी, एक वेशभूषेसाठी. बाई पुढे काही वर्षं याच नाटकाच्या एका फिरत्या संचात नाचत होत्या. होल्डर यांनी आखलेल्या वेशभूषेतला एक झगा किती जड होता आणि तो घालून गिरकी घ्यायची तर श्वास कधी घ्यायचा, हे त्यांनी फूटपाथवर करून दाखवलं. मी त्याच नाट्यगृहात अलीकडे ऑड्रा मॅकडॉनल्ड यांना ‘जिप्सी’मध्ये रोझच्या भूमिकेत पाहिलं होतं. अभिनयाच्या चारही विभागांत टोनी मिळवलेल्या, एकूण सहा. त्या रात्री मी नुसती भारावून घरी आले होते. त्याच रंगमंचावर आधी कोण कोण उभं होतं हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी ते नाटक वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं असतं.

४५ नंबरच्या रस्त्यावर म्युझिक बॉक्स. १९३३ साली इथे अर्व्हिंग बर्लिन यांच्या ‘अ‍ॅज थाउजंड्स चिअर’मध्ये एथेल वॉटर्स होत्या, गोऱ्या तारेतारकांच्या बरोबरीने नाव लागलेल्या. त्या नाटकात प्रत्येक प्रवेश वर्तमानपत्रातल्या एका मथळ्यावर बेतलेला. बाकी मथळे हसवणारे. एथेल वॉटर्स यांच्या एका गाण्यावरचा मथळा होता जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीय माणसाचा. गाण्यातली बायको मुलांसाठी रात्रीचं ताट मांडते आहे आणि नवरा परत येणार नाही हे त्यांना सांगायचं कसं, हा तिच्यापुढचा प्रश्न आहे. बाईंनी ते गाणं गायलं नाही, नुसते हात हलवून ताटं मांडून दाखवली. चार ताटं मांडली आणि एक उचललं. आमच्यातल्या एका काकांनी टोपी काढून हातात धरली.

मग त्यांनी फळी बाहेर काढली. दोन फूट बाय दीड फूट, कडा झिजलेल्या. पायातले बूट बदलले आणि रहदारीच्या आवाजात टॅप, म्हणजे तळाला पत्रा लावलेल्या बुटांनी ठेका वाजवत करायचा नाच, सुरू केला. सत्तरीच्या घरातली बाई, एका गुडघ्याला पट्टा. जॉन बबल्स या नर्तकाने टॅपमध्ये टाच आणली, हे त्यांना सांगायचं होतं. त्याच्याआधी नाच मुख्यतः चवड्यांवर चालायचा. टाच आल्यावर खालचा, भरीव नाद मिळाला आणि ठेका दोन आवाजांत बोलायला लागला. मला ते चटकन कळलं, कारण आपला तबला आणि डग्गा तसेच आहेत. मी तोंडातल्या तोंडात ‘धा’ म्हटलं, तर बाईंनी ऐकलं आणि “पुन्हा म्हण” म्हणाल्या. मी “धा धिं धिं धा” म्हटलं, त्यांनी ते फळीवर काढलं. धाला टाच, धिंला चवडा आणि टाच. माझे डोळे भरून आले.

मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती गोष्ट ४७ नंबरच्या रस्त्यावर आली, लीना हॉर्न थिएटरच्या पाटीखाली. कृष्णवर्णीय स्त्रीचं नाव मिळालेलं ब्रॉडवेवरचं हे पहिलं नाट्यगृह, नाव बदललं १ नोव्हेंबर २०२२ ला. चित्रपटांत लीना हॉर्न यांना बहुतेक वेळा एकटीनेच गायला उभं करायचे, खांबाला वगैरे टेकून. कथेशी त्या गाण्याचा धागाच ठेवायचा नाही, म्हणजे दक्षिणेकडच्या थिएटरांत तेवढा तुकडा कापून टाकता येई. एवढी रूपवान, एवढी गुणी बाई, पण प्रेम करणारी नायिका म्हणून दाखवायची नाही.

तिथेच बाईंनी ‘शफल अलाँग’ची गोष्ट सांगितली. २३ मे १९२१. पार वरच्या बाजूला, ६३ नंबरच्या रस्त्यावरच्या एका थिएटरात. संगीत युबी ब्लेक, गीतं नोबल सिसल, लेखन फ्लोरनॉय मिलर आणि ऑब्री लाइल्स. त्यात एक खरंखुरं, हसण्यावारी न नेलेलं प्रेमगीत होतं, एका कृष्णवर्णीय तरुणाचं आणि तरुणीचं. कृष्णवर्णीय माणसं रंगमंचावर एकमेकांवर मनापासून प्रेम करताना गोरे प्रेक्षक सहन करतील याची कुणालाच खात्री नव्हती. पहिल्या रात्री ते गाणं सुरू झालं तेव्हा सिसल, मिलर आणि लाइल्स पळायच्या तयारीत बाहेरच्या दाराशी उभे होते. ब्लेक बिचारे पियानोवर, वाद्यवृंदासमोर अडकलेले. आणि गाणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या, वन्स मोअर आला.

नाटक ५०४ प्रयोग चाललं. पुढे लीड गाजवणाऱ्या फ्लॉरेन्स मिल्स आणि नृत्यवृंदातली पोरसवदा जोसेफिन बेकर याच नाटकातून वर आल्या. कृष्णवर्णीय प्रेक्षकांना तिथे खालच्या खुर्च्यांवर बसू दिलं गेलं. आणि त्याच नाटकात मिलर आणि लाइल्स स्वतः चेहऱ्याला काजळी फासून विनोदी कामं करत होते. बाईंनी तेही झाकलं नाही. “एका हाताने दार उघडलं, दुसऱ्या हातात बूच होतं,” असं त्या म्हणाल्या.

मला तिथे आजोबा आठवले, कारण त्यांच्या तोंडी १९२१ हे साल कायम असायचं. त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान झालं, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन्हींत सहा-सात आठवड्यांचं अंतर. आमच्याकडे प्रेमाचं पद गायला कुणाला दाराशी उभं राहावं लागलं नव्हतं. तिकडे लागलं. हे मी घरी गेल्यावरही दोन दिवस मनातून काढू शकले नाही.

शेवटचा थांबा ५२ नंबरचा रस्ता, ऑगस्ट विल्सन आणि नील सायमन ही समोरासमोरची नाट्यगृहं. नील सायमनचं जुनं नाव अल्विन, तिथे १९३५ साली ‘पोर्गी अँड बेस’ झालं, टॉड डंकन आणि अ‍ॅन ब्राउन प्रमुख भूमिकांत, बबल्सही होते. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरात खेळ लागला, तेव्हा गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगवेगळं बसवणार असाल तर आम्ही गाणार नाही, असं डंकन आणि ब्राउन यांनी सांगितलं. त्या खेळांपुरतं थिएटरला नमावं लागलं. हा भाग बाईंनी घाईत आटपला, कारण वेळ संपत आली होती. ‘ड्रीमगर्ल्स’ या नाटकाला तर चालता चालता दोन वाक्यं मिळाली. सुरुवातीचे थांबे थोडे आवरून शेवटाला वेळ ठेवायला हवा, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

६३ नंबरच्या रस्त्यापर्यंत फेरी जात नाही, कारण ते थिएटर १९५७ मध्येच पाडलं. पण आम्ही दोघी मग तिथे चालत गेलोच, १५ मिनिटांचा रस्ता. आता उंच इमारती आहेत, कुत्री फिरवणारी माणसं आहेत. लेक फूटपाथवर पुढे-मागे करत होती. “आई, ते तिघं उभे होते ते दार कुठल्या बाजूला असेल?” मला सांगता आलं नाही. आम्ही अंदाजाने एक जागा ठरवली, तिथे जरा वेळ थांबलो आणि मग ट्रेन पकडली.

एप्रिलमध्ये बहीण मिरजेहून येते आहे, तिला घेऊन पुन्हा जाणार आहे. स्टूल नेईन. बाईंना आधीच फोन करून ठेवलाय की ते प्रेमगीत या वेळी पूर्ण म्हणा. हो म्हणाल्यात.