पुठ्ठ्याचं शहर, सेलोफेनचं पाणी

फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गोंद्रीचा 'द सायन्स ऑफ स्लीप' (२००६) हा चित्रपट परवा दुसऱ्यांदा पाहिला, या वेळी धाकट्या बहिणीबरोबर. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्याच्यावर पार खूश होतो. आता तसं म्हणवत नाही, आणि वाईट आहे असंही म्हणवत नाही.

वडील वारल्यावर स्तेफान मेक्सिकोहून पॅरिसला आईकडे येतो. आईने सांगितलेलं असतं की कॅलेंडरच्या कंपनीत तुझ्या कलेला वाव आहे. प्रत्यक्षात हाती येतं मजकूर जुळवून चिकटवण्याचं काम. इथे मी खो खो हसलो, कारण कॉम्प्युटर यायच्या आधी मीही काही वर्षं पेस्टिंग केलंय. ब्रोमाइडची (म्हणजे फोटोच्या कागदावर उतरवलेल्या मजकुराची) पट्टी कापायची, मागे रबर सोल्युशन लावायचं, रेघेत बसवायची, दिवसभर मान खाली. या कामात माणूस उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघायला लागतो ही अतिशयोक्ती नाही. बारा महिन्यांसाठी बारा दुर्घटनांची चित्रं काढून तो कॅलेंडर म्हणून साहेबापुढे ठेवतो. त्या वेळचा साहेबाचा चेहराही माझ्या ओळखीचा!

स्वप्नं मात्र काय केली आहेत! त्याच्या डोक्यातला टीव्ही स्टुडिओ म्हणजे पुठ्ठ्याचे कॅमेरे आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे. शहर पुठ्ठ्याचं, नळातून येणारं पाणी सेलोफेनचं (चकचकीत पारदर्शक कागदाचं), ढग कापसाचे. कडा वेड्यावाकड्या कापलेल्या दिसतात आणि त्या तशाच ठेवल्यात. कात्री ज्याच्या हाताला बसली आहे त्याला या कडा बघूनच आनंद होतो. शेजारीण स्तेफानीला तो एक सेकंद मागे-पुढे नेणारं यंत्र भेट देतो. एका सेकंदाचं करायचं काय, हे दोघांपैकी कुणी विचारत नाही. त्यांचं प्रेम मला तिथे पटलं.

पुढे पटेनासं झालं. ती घरी नसताना तो तिच्या घरात शिरतो, तिचा कापडी घोडा घेतो, त्यात यंत्र बसवतो. घोडा दौडायला लागतो, मग तिचा रागही उतरतो. पहिल्यांदा पाहताना मीही विरघळलो होतो. या वेळी बहीण शांतपणे म्हणाली, "दादा, हा चोरून आत गेला, ते राहिलंच की." खरंच राहिलं होतं. उत्तरार्धात तो तिला नाही नाही ते बोलतो, तिच्या दारावर डोकं आपटून घेतो. दिग्दर्शक प्रत्येक वेळी एखादं गोड खेळणं पुढे करून त्याला सोडवून नेतो. स्तेफान झालेल्या गाएल गार्सिया बेर्नालचा चेहरा इतका निरागस आहे की आपणही सोडून देतो. शार्लोत गेन्सबूर स्तेफानीची अस्वस्थता नुसत्या खांद्यांनी दाखवते, पण स्तेफानीच्या डोक्यातल्या स्टुडिओचं दार पटकथा एकदाही उघडत नाही.

गोंद्रीच्या आधीच्या 'इटर्नल सनशाइन'ला चार्ली कॉफमनची पटकथा होती. इथे लेखनही त्याचं एकट्याचं आहे आणि ते जाणवतं. एक प्रसंग दुसऱ्याला धक्का देत नाही, फक्त शेजारी येऊन बसतो. मध्येच वीसेक मिनिटं मी घड्याळ बघत होतो. ऑफिसातला चावट सहकारी (आलँ शाबा) आला की तेवढी जान येते. संवाद इंग्रजी, फ्रेंच आणि थोडे स्पॅनिश, त्यामुळे सबटायटल लावाच. भाषांचा तो गोंधळ स्तेफानच्या स्वभावात मुरलेला आहे, डब केलेलं पाहाल तर तो हरवेल.

हाताने काही बनवणाऱ्यांनी जरूर पाहावा. प्रेमकथा म्हणून लावणार असाल तर सोबत कोण आहे ते बघून लावा.

शेवटी तो तिच्याच पलंगावर झोपी जातो. स्वप्नात दोघं त्या घोड्यावर, पुढे सेलोफेनचा समुद्र आणि होडी. इकडे ती जागी, त्याच्या केसांतून हात फिरवत बसलेली. माझे डोळे याही वेळी भरून आले.

बहिणीने विचारलं, "आता हिने झोपायचं कुठे?"