कॉट्सवोल्ड्स शेरी कास्क: वयाचा आकडा नाही, पण व्हिस्की दमदार

सरळच सांगतो, शेरीवाली सिंगल माल्ट (म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त माल्ट केलेल्या बार्लीची, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली व्हिस्की) आवडत असेल आणि लेबलवर 12 किंवा 15 वर्षं मुरल्याचा आकडा नाही म्हणून इंग्लंडच्या व्हिस्कीकडे बघतच नसाल तर एका फार चांगल्या बाटलीला मुकताय. कॉट्सवोल्ड्स डिस्टिलरीची शेरी कास्क, कास्क म्हणजे पिंप. 57.4 टक्के अल्कोहोल, 700 मिली. मी इकडे इंग्लंडच्या मिडलँड्सलाच राहतो, स्टोर्टन गावात त्यांच्या डिस्टिलरीत जाऊन टूर करून आलोय, आणि आमच्या ग्रुपमध्ये कोणाकडे बसायचं ठरलं की हल्ली हीच नेली जाते, तेव्हा एका पेगवर मत बनवून लिहीत नाहीये.

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माल्ट व्हिस्की बनणं बंद पडलं ते पार 2006 ला नॉरफोकमध्ये सेंट जॉर्जेस डिस्टिलरी उभी राहीपर्यंत. कॉट्सवोल्ड्सवाले आले 2014 ला. मालक मूळचा न्यूयॉर्कचा, फायनान्समधला माणूस, पण त्याने सल्लागार धरले ते डॉ. जिम स्वान, तेच ज्यांनी तैवानच्या कावालान आणि वेल्सच्या पेंडेरिनची घडी बसवून दिली होती. स्वान 2017 ला गेले आणि त्याच वर्षी यांची पहिली व्हिस्की बाजारात आली.

स्वान यांचं नाव मुद्दाम घेतोय कारण या बाटलीत वयाची कसर कशी भरून निघते ते त्यांच्या पद्धतीत आहे. दुसऱ्यांदा डिस्टिल करताना सुरुवातीचा उग्र भाग बाजूला काढतात, मधला ठेवतात आणि शेवटचा जड, तेलकट भाग यायला लागला की बंद करतात, हे सगळेच करतात. पण शेवटचा भाग यायच्या बराच आधी हात आवरला तर हातात येणारं स्पिरिट मुळातच हलकं आणि फळांच्या वासाचं असतं, त्यातला जडपणा मुरायला पिंपात दहा-बारा वर्षं घालवायची गरज पडत नाही. माल कमी मिळतो, खर्च वाढतो, पण कमी वयाची व्हिस्की पिण्यासारखी होते ती यामुळे.

बार्ली आसपासच्या शेतांतली. ती जाते विल्टशायरमधल्या वॉर्मिन्स्टरच्या माल्टिंगमध्ये, म्हणजे बार्लीला मोड आणून वाळवतात तिथे, 1855 पासूनची जागा आहे, तिथे अजूनही भिजवलेली बार्ली फरशीवर पसरतात आणि माणसं फावड्याने उलटीपालटी करतात. खर्चिक काम आहे. चवीत फरक पडतो की नाही यावर लोक भांडतात, माझं मत पडतो असंच आहे, निदान इथे तरी धान्याची चव शेवटपर्यंत जाणवते.

आता शेरी. ही फिनिश नाही, हे आधी लक्षात घ्या. फिनिश म्हणजे बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपात वर्षानुवर्षं ठेवलेली व्हिस्की शेवटचे सहा महिने, वर्षभर शेरीच्या पिंपात हलवायची. त्यातही उत्तम व्हिस्क्या आहेत, पण पुष्कळदा वरून गोड मुलामा दिल्यासारखं होतं, पहिला घोट मनुक्यांचा आणि मग सगळं नेहमीचंच. ही पहिल्या दिवसापासून शेरीच्याच पिंपात असते. काही पिंपं ओलोरोसोची, काही पेद्रो हिमेनेझची, हे शेरीचेच दोन प्रकार, लाकूड अमेरिकन ओकही आणि स्पॅनिश ओकही, आकार हॉग्सहेड म्हणजे साधारण 250 लिटर आणि बट म्हणजे 500 लिटर. ओलोरोसो कोरडी, अक्रोड-बदामाच्या वळणाची असते, आणि पेद्रो हिमेनेझ उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची, काळीभोर आणि गोड. या दोघींचं प्रमाण बिघडलं की व्हिस्की एक तर तोंड आवळते नाहीतर सरबत होते. इथे प्रमाण जमलंय.

बऱ्याच जणांना वाटतं ही पिंपं म्हणजे स्पेनमधल्या जुन्या तळघरात पन्नास वर्षं शेरी मुरवलेली पिंपं. तसं नसतं. पूर्वी शेरी पिंपांतून ब्रिटनला यायची आणि इथे बाटलीबंद व्हायची, रिकामी पिंपं स्कॉटलंडवाले उचलायचे. 80 च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करायचा नियम झाला आणि ती आवक संपली. आता व्हिस्कीसाठी नवीन पिंपं बनवून त्यात वर्ष-दीड वर्ष, दोन वर्षं शेरी भरून ठेवतात आणि मग पाठवतात. मला यात काही गैर वाटत नाही, उलट लाकूड ताजं असल्यामुळे कमी वर्षांत रंग आणि चव दोन्ही भरपूर उतरतं. रंगावरून आठवलं, यात कॅरॅमल घातलेलं नाही, जो तांबूस रंग दिसतो तो सगळा पिंपाचा.

पिण्याबद्दल नीट लिहितो कारण इथेच लोक घाई करतात. ग्लास ट्युलिपच्या आकाराचा घ्या, 30 मिली ओता आणि दहा मिनिटं नुसतं ठेवा. लगेच नाक खुपसलं तर 57 टक्के नाकात जाणार आणि बाकी काही कळणार नाही. दहा मिनिटांनी वास घेतला की आधी खारीक आणि काळ्या मनुका, मग संत्र्याची साल, मागून जायफळ. नीट घोट घेतला तर जिभेवर जाडसर, गुळचट, जवळपास काकवीकडे जाणारी, आणि लगेच लवंग-सुंठेचा तिखट फटका, तो काही जणांना जास्त होईल.

मग पाणी. चहाचा छोटा चमचा, म्हणजे 5 मिली पाणी 30 मिलीत घातलं की ती 49 टक्क्यांच्या आसपास येते आणि माझ्या मते हीच तिची जागा आहे. ग्लासमध्ये पाणी पडताना तेलकट रेषा फिरताना दिसतात, त्या विरेपर्यंत थांबा. आता वासात अंजीर येतं, सुकं नाही, पिकलेलं, आपल्या पुरंदरच्या अंजिरासारखं, आणि तिखटपणा मागे सरकून खाली भाजलेल्या धान्याची, बिस्किटासारखी चव येते. मला ही बाटली का आवडते ते याच घोटात आहे, शेरीचा एवढा मारा असूनही बार्ली हरवत नाही. मोठ्या नावाच्या कितीतरी शेरीवाल्या माल्टमध्ये पिंप काढून टाकलं तर मागे काय उरेल असा प्रश्न पडतो, इथे तो पडत नाही. शेवट लांब आणि कोरडा, डार्क चॉकलेट आणि अक्रोडाच्या सालीचा कडसरपणा. चमचाभर अजून पाणी घातलंत तर मात्र 43 वर येते आणि गोडवा पातळ होतो, तिथपर्यंत जाऊ नका.

बर्फ मी घालत नाही. घातलात तर ती थोडी गढूळ होईल, खराब नाहीये, थंड करून गाळलेली नसल्यामुळे तसं होतं. सोडा नको, कोक तर अजिबातच नको.

चकण्याचं म्हणाल तर मसाला शेंगदाणे, लिंबू पिळलेला कांदा, चिवडा हे सगळं दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, मिरची आणि लिंबू असले की शेरीचा गोडवा कळतच नाही. खारे बदाम, अक्रोड, जुना चेडर, नाहीतर जेवण झाल्यावर नुसती. दिवाळीत एकदा खव्याच्या करंजीबरोबर घेतली होती, खव्याचा दुधाळपणा आणि ही, अफलातून जमलं.

आपल्याकडच्या लोकांना अंदाज यावा म्हणून बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीच्या इंटरमीडिएट शेरी या सिंगल माल्टशी तुलना करतो. तीही 57.1 टक्क्यांची, म्हणजे ताकद सारखीच, पण ती बर्बनमधून शेरीत आणि परत बर्बनमध्ये असा प्रवास करते, शिवाय बंगळुरूच्या हवेत दरवर्षी पिंपातून कितीतरी जास्त व्हिस्की उडून जाते आणि लाकूड जोरात काम करतं. त्यामुळे अमृत जास्त मसालेदार, जास्त ओकवाली. इथल्या थंडीत वर्षाला दोनेक टक्केच उडतं, म्हणून ही फळांकडे झुकते. मला दोन्ही आवडतात, पण संध्याकाळभर एकच बाटली समोर ठेवायची असेल तर ही.

इंग्लंडचीच अजून एक बघायची असेल तर कंब्रियातल्या द लेक्स डिस्टिलरीची. त्यांच्या व्हिस्कीमेकर्स रिझर्व्ह नंबर 4 ला 2022 मध्ये वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातल्या सर्वोत्तम सिंगल माल्टचा मान मिळाला आणि ती बनवली होती धवल गांधी या आपल्या भारतीय वंशाच्या माणसाने, स्कॉटलंडच्या मॅकॅलन डिस्टिलरीमध्ये शेरी पिंपांचं काम शिकून आलेला. ती जास्त गडद आणि जास्त महाग.

किमतीचं रडगाणं थोडं आहेच. वय लिहिलेलं नसताना एवढे पैसे कशाला, असं आमच्या ग्रुपमधला एक जण दर वेळी म्हणतो आणि दर वेळी दुसरा पेग मागतो. पण इथे दारूवरचा कर बाटलीतल्या शुद्ध अल्कोहोलवर लागतो, त्यामुळे 2025 च्या दराने 57.4 टक्क्यांच्या बाटलीवर साधारण 13 पाउंड नुसता कर होता, त्यावर 20 टक्के व्हॅट, तर कॉट्सवोल्ड्सच्याच 46 टक्क्यांच्या सिग्नेचर या व्हिस्कीवर तो साडेदहाच्या आसपास. सिग्नेचर बर्बन आणि रेड वाइनच्या पिंपांतली आहे, मवाळ आहे, नवीन माणसाने तिथून सुरुवात केली तरी चालेल. छोट्या बॅचेस असल्यामुळे शेरी कास्कमध्ये बॅचगणिक थोडा फरक पडतो, मला एक बॅच जास्त कोरडी वाटली होती, म्हणून डिस्टिलरीच्या दुकानात किंवा एखाद्या टेस्टिंगला आधी चाखायला मिळाली तर चाखूनच घ्या.

इंडियाला नेणार असाल तर माणशी 2 लिटरच ड्युटी फ्री आहे, म्हणजे 700 मिलीच्या दोन बाटल्या, तिसरी घेतलीत तर 2.1 लिटर होतात आणि कस्टमला ड्युटी भरावी लागते. चेक-इन बॅगेत चालते, टी-शर्टमध्ये गुंडाळून मधोमध ठेवा, आणि पोचल्यावर बाटली उभीच ठेवा, एवढ्या स्ट्राँग व्हिस्कीत आडवी ठेवली की कॉर्क खराब होतो.